उंबरटेकच्या गढीचा अडसर

कंदिलाची वात जरा खाली करा, डोळ्यांवर येते. आणि ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन या. मग मध्ये कोणी उठायचं नाही.

ही गोष्ट ऐकीव नाही. धरणगावचा मोतीलाल, म्हणजे आपल्या जीवरामचा सख्खा मामा, त्याच्या राहत्या घरी घडलेली. जीवराम तसा थापाड्या आहे. पण मामाबद्दल वाईट बोलायला त्याला थापांची गरज पडत नाही. मामानंच तेवढी सोय करून ठेवली होती.

साल छप्पन्न. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, आदली रात्र. वैशाख शुद्ध द्वितीया, शनिवार.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मोतीलाल बैलगाडी जुंपून उंबरटेकला निघाला. काम साधं होतं. एक लाकूड आणायचं होतं.

हा मोतीलाल कापसाचा दलाल. त्याचा बाप उंबरटेकला सालदार होता, दुसऱ्याच्या बांधावर जन्मला आणि दुसऱ्याच्या बांधावर मेला. त्यात लाज काहीच नाही. पण मोतीलालला ती लाज अशी काही डसली होती, की उंबरटेकचा माणूस दारात आला तर हा त्याला पायरीखाली उभा करून बोलायचा. अहिराणी सोडून दिली. बायको यशोदाबाई घरात 'शे' म्हणाली तरी हा नाक मुरडायचा, "आहे म्हण, आहे. आपण काय गुरं राखतो?" पांढरं धोतर, काळा कोट, वैशाखातसुद्धा कोट. घामानं भिजलेला शेणाचा पो दिसला तर तो असा दिसेल. हसू नका, मी त्याला पाहिलेलं आहे.

तर या मोतीलालनं धरणगावात माडीचं नवं घर बांधलं, आणि त्याच्या डोक्यात आलं, की दार हवं ते गढीचं. उंबरटेकच्या गढीचं.

गढी तेव्हा उरलीच नव्हती. गावाबाहेर नुसतं पांढऱ्या मातीचं टेकाड, आणि त्या टेकाडावर उभं एक दार. दोन्ही बाजूंना भिंत नाही, वर छप्पर नाही, मागे काही नाही. सागवानी चौकट, दोन दांडग्या फळ्या, त्यांवर लोखंडी खिळे आणि जळल्याचा काळा डाग. गुरं त्याच्या बाजूनं जायची, माणसं बाजूनं जायची, आरपार कोणी जायचं नाही. आणि ते दार नेहमी सताड उघडं. दोन्ही फळ्यांना गावानं दगड लावून ठेवलेले. पावसात दगड सरकले तर पहिल्यांदा ज्याच्या नजरेस पडेल त्यानं ते परत लावायचे, मग तो पाटील असो की महार.

मागच्या पावसाळ्यात चौकट कलली. दार पडून कोणाचं पोर मरेल म्हणून पंचांनी ते मोतीलालला नेऊ दिलं. म्हाताऱ्या सुकदेव आबांनी फक्त एवढं म्हटलं होतं, "लई जाय. पन अडसर भेटाव नही."

अडसर म्हणजे दारामागे आडवा सरकवायचा वासा. तो वेगळा पडला होता, मारुतीच्या पारापाशी. म्हातारे त्यावर बसायचे. दार घराला लागलं, सुतारानं पॉलिश केलं, येणारे-जाणारे थांबून बघू लागले. पण अडसरावाचून ते दार नुसतं लोटून ठेवावं लागे. भिंतीत खाचा तयार, आणि अडसर नाही. मोतीलालला ते खुपत होतं. गाव आखाजीच्या गडबडीत असेल, लेकी माहेरी येत असतील, तेवढ्यात उचलून आणू, म्हणून तो सुपडू गाडीवानाला घेऊन निघाला.

पारापाशी पोचला तर अडसरावर सुकदेव आबा बसलेले.

"उठा हो आबा," मोतीलाल म्हणाला. "माझं लाकूड आहे ते."

"तुनं कधी जयं?"

"दार माझं, तर अडसर कोणाचा? तुमच्या गावाचा? गावाला अडसर कशाला हवा, चोरून न्यायला आहे काय इथे? उकिरडा?"

आबा उठले नाहीत. म्हणाले, "बस. ऐकी ले, मंग लई जाय."

मोतीलाल बसला नाही, कोट मळला असता. पण उभ्या उभ्या त्याला ऐकावं लागलं, कारण ऐंशीच्या घरातल्या माणसाला ओढून बाजूला करायची त्याची छाती नव्हती. त्याची मग्रुरी बोलण्यापुरतीच होती.

आबांनी जे सांगितलं ते असं.

ती गढी म्हणजे काही तटाबुरुजांचा किल्ला नव्हता. एकच उंच, चौकोनी घर, बुरुजासारखं सरळ वर गेलेलं. बऱ्हाणपुरावर फारुकी सुलतान होते तेव्हाचं. भिंती इतक्या जाड की भिंतीच्या पोटात बैल आडवा बसावा. खाली गुरं, त्यावर धान्याची कणगी, त्यावर बायका, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मालक. आत शिरायला एकच दार. धाड आली की वर नगारा वाजायचा आणि सगळं गाव पोरंबाळं उचलून त्या दारातून आत शिरायचं. त्याच बोलीवर गावानं पिढ्यान्‌पिढ्या नदीतून दगड वाहिले, चुना मळला, पहिलं पीक वाहिलं. गढी मालकाची म्हणायची, पण उभी होती ती गावाच्या पाठीवर.

पेंढाऱ्यांच्या धामधुमीत त्या गढीत पितांबरराव म्हणून मालक होता. या माणसाबद्दल चांगलं सांगण्यासारखं आबांकडे काही नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही. तो माडीवरून खाली उतरायचाच नाही. खाली उतरलं की माणसांच्या उंचीला यावं लागतं ना. खालून कोणी हाक मारली तर आधी पिचकारी टाकायचा, मग बोलायचा. हाक मारणाऱ्यानं बाजूला सरकायचं, एवढी रीत गावाला पाठ होती.

आखाजीच्या आदल्या रात्री पेंढारी आले. गावभर लेकी माहेरी आलेल्या, निंबांना झोके बांधलेले. नगारा वाजलाच नाही. आग दिसली तेव्हा गाव उठलं आणि गढीकडे धावलं. तर दार बंद. आतून अडसर घातलेला. पितांबररावानं वरून आग आधीच पाहिली होती, आणि हिशेब केला होता, की गाव आत घेतलं तर आपलं धान्य आठवड्यात उडेल. शिवाय ही धुळीतली माणसं आपल्या चौकात हगतील.

लोक दार ठोकत राहिले. तो वरून बघत राहिला.

त्या गर्दीत त्याची स्वतःची मुलगी होती. शेवंता. पिंपळनेरहून माहेरी यायला निघालेली, तिची गाडी वेशीपाशी पोचली आणि धाड पडली. ती गावाबरोबर धावत आली. खालून ओरडली, "बाबा, मी शेवंता शे! तुमनी आंडेर!"

तो वरून म्हणाला, "बठ्ठ्या पोरी असंच सांगतस. रातले मानूस वळखू येस नही. उजाडनं का या." सगळ्या पोरी असंच सांगतात म्हणे, आणि खाली पोटची पोर!

पेंढाऱ्यांनी दाराशी कडबा रचला आणि पेटवला. दार सागाचं, काळं पडलं, पण जळलं नाही.

उजाडलं तेव्हा दाराशी ओळखायला कोणी उरलं नव्हतं.

जे शेताशिवारात लपून वाचले ते परत आले. त्यांनी पितांबररावाला हात लावला नाही. फक्त त्याच्यासाठी हात हलवायचे बंद केले. न्हावी गेला नाही, पाणक्या गेला नाही, भट गेला नाही. मेला तेव्हा खांदा द्यायला चौघे मिळाले नाहीत. वास गावापर्यंत आला, तेव्हा लोकांनी शिडी लावून, वरून आत उतरून दार उघडलं, अडसर काढून फेकला आणि फळ्यांना दगड लावले. मग त्यांनी गढी खायला घेतली. पडली असं म्हणतात लोक, पण गढी पडली नाही, खाल्ली. दगड विहिरींना गेले, गव्हाणींना गेले, सांडव्याला गेले. भिंतींची पांढरी माती घरांच्या सपाट छपरांवर, धाब्यांवर गेली. शे-दीडशे वर्षांत चार मजले गावाच्या पोटात गेले आणि कुठल्या कागदात तिचं नाव उरलं नाही. राहिलं फक्त उघडं दार.

"म्हनीसन ते बंद करानं नही," आबा म्हणाले. "त्या लोके आजून भाईरच शेतस. आनि मोत्या, त्या बठ्ठामा तुना पंजा बी व्हता. तुना पंजाना बाप बी व्हता. तुमनं घर त्या दारशीच जयनं."

मोतीलालला राग आला तो 'मोत्या' म्हटल्याचा. आपले पणजोबा, खापरपणजोबा त्या दाराशी जळले, हे त्यानं कानाआड केलं.

"आबा," तो म्हणाला, "तुमचा तो पितांबरराव शहाणा होता. रात्री दाराशी येऊन बोंबलणारी माणसं आत घेऊ नयेत. सुपडू, उचल रे."

सुपडूनं एक टोक उचललं. आबा बाजूला सरकले. त्यांनी नुसतं मोतीलालच्या कोटाकडे पाहिलं. आणि जमिनीवर थुंकले.

दिवस मावळता गाडी धरणगावात आली. मोतीलालची मुलगी मंदा पहूरहून आलेली होती. लग्नानंतरची तिची पहिली आखाजी. बापानं तिच्याकडे पाहिलं तेही तिच्या लुगड्याच्या पोताकडे. "पहूरवाल्यांनी हेच दिलं का नेसायला?" एवढं बोलला आणि सुपडूला घेऊन अडसर बसवायला गेला. खाचेतून लाकूड सरकलं तेव्हा त्याचा आवाज सगळ्या घरात घुमला. मोतीलाल खूष झाला. सुपडूला हाताशी घेऊन त्यानं तो पुन्हा काढला, पुन्हा घातला. मग सुपडूला मागच्या गोठ्याच्या दारानं घालवून दिलं, कारण पुढचं दार आता उगाच उघडायचं नाही असं त्याचं ठरलं होतं.

जेवताना त्यानं आबांची नक्कल करून दाखवली. आबांचं बोलणं, आबांचं थुंकणं. यशोदाबाई हसली नाही. मंदानं विचारलं, "मग ती शेवंता?"

"मेली," मोतीलाल म्हणाला. "भात वाढ."

रात्री उकाडा. तिघंही धाब्यावर झोपायला गेले. द्वितीयेची कोर केव्हाच बुडाली होती. निंबाचं पानही हलत नव्हतं.

मोतीलालला जाग आली ती ठोकण्यानं.

खालचं दार कोणीतरी ठोकत होतं. आधी एक हात. मग दोन. मग कितीतरी. मोठ्यानं नाही. तळहातांनी. जसं थकलेलं माणूस ठोकतं तसं.

यशोदाबाई उठून बसली होती. मंदाही.

"कोन शे?" यशोदाबाई कुजबुजली.

"कोण असणार?" मोतीलाल म्हणाला. "म्हाताऱ्यानं गावची टोळकी पाठवली असतील. मला भेडवायला. मला!"

तो उठला आणि धाब्याच्या कठड्याशी गेला. खाली वाकून पाहिलं. गल्ली रिकामी. समोरच्यांच्या बाजा ओळीनं मांडलेल्या, त्यांवर माणसं झोपलेली. कोणी कूस बदलत नव्हतं. आणि ठोकणं चालूच.

आता शहाणा माणूस इथे गप्प बसता. पण हा मोतीलाल. त्याला गंमत सुचली. छाती काढून, नाटकातल्या राजासारखा, त्यानं खाली आवाज टाकला...

"रातले मानूस वळखू येस नही! उजाडनं का या!"

कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून अहिराणी निघाली ती एवढीच.

ठोकणं थांबलं.

मोतीलाल हसला. त्यानं कोट चढवला, काठी घेतली. "मागनं जाऊन धरतो एकेकाला," तो म्हणाला. "तुम्ही खाली यायचं नाही. दार उघडायचं नाही. कोणी माझं नाव घेऊन बोंबललं तरी नाही. कळलं?"

तो जिना उतरला, गोठ्यातून मागच्या दारानं बाहेर पडला. बोळातून वळसा घेऊन पुढच्या गल्लीत आला.

कोणी नाही.

त्यानं काठी आपटली. "या की पुढे! लपता कशाला?"

कोणी नाही. समोरच्या बाजांवर लोक तसेच. तो जवळ गेला. शेजाऱ्याला हलवलं. अंग गरम, श्वास चालू, पण माणूस जागा होईना. पुन्हा हलवलं. नाही.

मग त्याला वास आला. कडबा जळल्याचा.

त्यानं आजूबाजूला पाहिलं. आग कुठेच नव्हती. वास मात्र वाढत होता. आणि पाठीला धग लागत होती. मागे वळला की धग पुन्हा पाठीलाच.

तो बोळाकडे पळाला. गोठ्याचं दार लोटलं. लागलेलं होतं. आतून. त्यानं ते उघडं टाकलं होतं, त्याला पक्कं आठवत होतं.

परत पुढे आला. आणि आता... आता गल्ली तशी रिकामी नव्हती. दिसत कोणी नव्हतं. पण जागा नव्हती. त्याच्या दोन्ही खांद्यांना खांदे लागत होते. कोणाचा तरी पदर हाताला लागून गेला. गुडघ्याशी काहीतरी लहान, घट्ट धरून उभं. तो पुढे सरकला नाही. त्याला पुढे ढकललं गेलं. सगळ्यांबरोबर. दाराकडे.

त्यानं दार ठोकलं.

"यशोदे! दार उघड!"

वर धाब्यावर कोणीतरी खाकरलं.

मोतीलालनं मान वर केली. कठड्याशी एक माणूस उभा होता. चेहरा दिसत नव्हता. उभं राहण्याची ढब तेवढी दिसत होती. छाती काढलेली.

"कोण आहे तिथे? माझ्या घरात कोण आहे?"

त्यानं पुन्हा दार ठोकलं.

"मी मोतीलाल! हे घर माझं आहे!"

वरचा माणूस थोडा पुढे वाकला. शांतपणे म्हणाला...

"बठ्ठा असंच सांगतस."

मोतीलालचा कोट केव्हा निघाला त्याला कळलं नाही. काठी केव्हा पडली कळलं नाही. तो तळहातांनी दार ठोकत होता. त्याच्या शेजारी दुसरे तळहात. त्याच्या डोक्यावरून दुसरे. खालून, कमरेच्या उंचीवरून, इवलेइवले.

धग मानेपर्यंत आली.

"मंदा! माय, मी शे! मी तुना बाप शे! उघड व माय..."

आत पावलं वाजली. जिन्यावरून खाली. दारापाशी थांबली.

फळीच्या पलीकडून मंदाचा आवाज आला. "आई, हाऊ बाबाना आवाज शे."

मग यशोदाबाईचा. अगदी हळू.

"तुना बाप तं वर उभा शे, पोरी. मी आत्तेच दखं."

...

...

मोतीलाल ओरडला का? नाही. त्यानं कपाळ दाराला टेकलं. बाजूला एक बाई उभी होती. तीही कपाळ टेकून. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. ती काही मागत नव्हती. मागून झालेलं होतं तिचं.

वरून आवाज आला, आता जरा चढा. "मंदे! दार उघडायचं नाही. वर ये."

मोतीलालचाच आवाज. मोतीलालचीच शुद्ध मराठी.

आत काकणं अडसरावर वाजली.

मग मंदा बोलली. कोणाला बोलली कोण जाणे. म्हणाली, "भाईर पोरं रडी राहिनात, आई. माले ऐकू येस. भाईर कोन बी राहो. मी उघडस."

"मंदे, नको..."

"मी उघडस."

लाकूड घासलं. थांबलं. एकटीच्यानं सरकणारं ते लाकूड नव्हतं, दोन गडी लागायचे त्याला. पुन्हा घासलं, पुन्हा थांबलं. वर धाब्यावर पावलं वाजू लागली, जिन्याकडे निघालेली. जड. सावकाश. ज्याला खाली उतरायची सवय नाही त्याची.

मग अडसराला दुसरे दोन हात लागले. यशोदाबाई रडत होती आणि ओढत होती.

अडसर सुटला.

मोतीलाल तोंडावर आत पडला. त्याच्या अंगावरून, बाजूनं, डोक्यावरून... गेले. पाऊल कोणाचं वाजलं नाही. नुसता वारा. गरम, धुराचा, थांबून थांबून येणारा वारा. मंदा एक फळी पाठीनं दाबून धरून उभी राहिली, यशोदाबाई दुसरी. तो वारा संपेचना. मंदा सांगते, की मध्येच एकदा कोणीतरी तिच्या गालाला हात लावला. बाईचा हात. खरबरीत, पण हलका.

जिन्यावरची पावलं मधल्या पायरीपर्यंत आली होती. तिथेच थांबली. मग पुन्हा वाजली नाहीत. वरही गेली नाहीत, खालीही आली नाहीत.

गल्लीत कोंबडा आरवला. समोरच्या बाजेवर शेजारी खोकला आणि उठून बसला.

सकाळी मोतीलालच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, मोठाले, पाण्यानं भरलेले. त्यानं सगळ्यांना सांगितलं, कंदिलाची काच धरली गेली. शेजाऱ्यांनी विचारलं, मग दोन्ही हातांनी कशी धरली? त्यावर तो चिडला. झोपेत चालण्याची सवय आहे मला, म्हणाला. वारं होतं, म्हणाला. मंदाच्या सासरच्यांनी पोरीला भलतंसलतं शिकवलंय, म्हणाला. म्हणजे बघा, रात्रभर लेकरासारखा 'माय, उघड' म्हणून रडलेला माणूस, आणि उन्हं अंगणात आली तोवर याचं नाक परत वर! तीन वर्षं झाली त्याला. अजून तेच सांगतो. फक्त दार आता कधी लावत नाही. अडसर कुठे टाकला तेही कोणाला सांगत नाही. आणि धाब्यावर जात नाही. आणखी एक, उंबरटेकचा माणूस आला तर पायरीखाली उभा करत नाही. पण आत बोलावतो असंही नाही. स्वतः उठून बाहेर येतो आणि ओट्यावर उभं राहून बोलतो. सवय जाते, खोड जात नाही.

जीवराम त्या दिवशी सकाळीच सणाला मामाकडे गेला होता. पुढचं त्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं.

आखाजीला आपल्याकडे पितरांची घागर भरतात ना. यशोदाबाईनं ती आदल्या संध्याकाळीच भरून देवघराच्या कोपऱ्यात मांडून ठेवली होती. नवी कोरी मातीची घागर, काठोकाठ, वर खरबूज ठेवलेलं. सकाळी नैवेद्य घेऊन ती कोपऱ्यात गेली आणि तिथेच बसली. जीवराम मागून आला, त्यानं वाकून पाहिलं.

खरबूज नीट काढून बाजूला ठेवलेलं. घागर कोरडी. तळापर्यंत. फुटलेली नाही, पाझरलेली नाही, खालचं सारवण सुकंच.

मोतीलाल म्हणाला, मांजर प्यायली असेल.

असेलही. धरणगावात तशी मांजरं असतील. पण घागरीचा काठ जीवरामनं उजेडात धरून पाहिला. नवी माती होती, लाल. आणि त्या काठाला सगळीकडून, एकाशेजारी एक, ओठ टेकल्याचे काळे डाग होते. मोठे. आणि खाली, जिथे लहान पोराला घागर कलती करून पाजतात तिथे, इवले.

यशोदाबाईनं घागर त्याच्या हातातून घेतली.

विहिरीवर गेली, आणि परत भरून आणली.